टनामागची कपात आणि देणगीदारांची यादी

‘डोनर रिसर्च’ हे शब्द तुमच्या कानावर अजून आले नसतील, पण संशोधनाचं शिक्षण घेतल्यावर जी कामं तुमच्यासमोर येऊ शकतात त्यांत हे एक आहे. विद्यापीठाला किंवा कॉलेजला प्रयोगशाळा, वसतिगृह, शिष्यवृत्त्या यांसाठी पैसा हवा असतो. तो मागायला कुलगुरू, प्राचार्य किंवा संस्थेचे पदाधिकारी जातात. पण कुणाकडे जायचं, किती मागायचं, कशासाठी मागायचं, हे आधी शोधून ठेवणारी एक टीम असते. अमेरिकेत हा व्यवसाय इतका रुळलाय की त्या संशोधकांची स्वतःची संघटना आहे, आचारसंहिता आहे. आपल्याकडे २०२३ मध्ये नंदन निलेकणींनी आयआयटी मुंबईला ३१५ कोटी रुपये दिले, आणि ‘आपल्या माजी विद्यार्थ्यांतही असं कुणी असेल का?’ हा प्रश्न तालुक्याच्या कॉलेजातही विचारला जाऊ लागला.

प्रश्न चुकीचा नाही. पण तो सोडवायला जो तक्ता बाहेरून आणला जातो, त्याची चिकित्सा करायला हवी. मी ती बारामती आणि इंदापूर या दोन शेजारच्या तालुक्यांच्या आधाराने करतोय. कारण साधं आहे: शिक्षणाला पैसा येण्याचे महाराष्ट्रातले जवळजवळ सगळे मार्ग इथे पन्नास-साठ किलोमीटरच्या पट्ट्यात सापडतात. व्यापारी घराण्यांची देणगी, साखर कारखाने, खासगी उद्योग, सीएसआर आणि राजकीय नेत्याच्या शब्दावर येणारा पैसा.

आधी तक्ता समजून घ्या. त्यात प्रत्येक संभाव्य देणगीदाराबद्दल तीन प्रश्न असतात. याची ऐपत किती? याला संस्थेबद्दल ओढ किती? आणि याला देण्याची सवय आहे का? प्रत्येकाला गुण द्यायचे, बेरीज करायची, वरची पन्नास नावं साहेबांच्या टेबलावर ठेवायची. वेळ कमी आणि नावं हजारो असतील तर असं काहीतरी करावंच लागतं, त्यामुळे मी या तक्त्याला हसणार नाही. माझी हरकत वेगळी आहे. तो तक्ता ज्या समाजात तयार झाला तिथल्या संपत्तीचं, नात्याचं आणि दानाचं रूप त्यात गृहीत धरलेलं आहे, आणि ते गृहीतक तक्त्यावर कुठेच लिहिलेलं नसतं.

ऐपतीपासून सुरुवात करू. परदेशात संशोधक घराची किंमत, शेअर, कंपनीतलं पद बघतो. इथे टीममधला हुशार मुलगा लगेच म्हणतो, ‘सर, सातबारा ऑनलाइन मिळतो की!’ मिळतो. पण सातबारा वाचता आला पाहिजे. भोगवटादाराच्या रकान्यात पाच नावं असतील तर त्यात दोन भाऊ, आई आणि लग्न होऊन गेलेल्या दोन बहिणी असू शकतात; त्यातला एकटा तुमचा माजी विद्यार्थी. ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असू शकतो. आणि क्षेत्र म्हणजे संपत्ती नव्हे. १८८५ मध्ये सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याखालची माळेगावकडची दोन एकर बागायत आणि सुप्याच्या जिरायती पट्ट्यातली दहा एकर यांची तुलना एकराने करणारा माणूस या भागात कधी राहिलेला नाही, हे लगेच ओळखू येतं. इंदापुरात तर आणखी एक प्रश्न: कालव्याच्या शेवटाला असलेल्या गावात आवर्तन वेळेवर पोहोचतं का? शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे त्या बाजूनेही आकडा ताडून पाहता येत नाही.

शिवाय ऐपतीला इथे महिना असतो. कारखान्यांचा गाळप हंगाम साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस गेल्यावर १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत. प्रत्यक्षात ते कधी मिळतात यावर गावात वेगळाच अभ्यास करता येईल. जुलैमध्ये ‘ऐपत : कमी’ आणि फेब्रुवारीत ‘ऐपत : मध्यम’ असलेला माणूस एकच असतो. तक्त्यात ‘माहिती कधी घेतली’ असा रकाना नसेल तर पुढचं सगळं वाया. (प्रबंधातही हेच लागू आहे. माहिती कोणत्या तारखेची आहे हे न लिहिणारे संशोधक मी बरेच पाहिलेत.)

आता जरा खोलात. ‘देणगीदार’ म्हणजे कोण?

तुम्ही इंदापूरच्या एखाद्या घरात जाऊन विचारलंत, ‘तुम्ही शिक्षणसंस्थेला डोनेशन दिलंय का?’ तर समोरचा माणूस आधी तुमच्याकडे संशयाने बघेल. मराठीत ‘डोनेशन’ या शब्दाला एक वेगळाच अर्थ चिकटलाय. १९८३ मध्ये महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचा रस्ता मोकळा झाला, आणि प्रवेशासाठी द्यायच्या पैशाला लोक डोनेशन म्हणू लागले. १९८७ मध्ये कॅपिटेशन फी रोखणारा कायदा करावा लागला, यावरून तो व्यवहार किती पसरला होता ते समजा. नोकरीसाठी दिलेल्या पैशालाही हाच शब्द. म्हणजे तुमच्या प्रश्नावलीतला मुख्य शब्दच उत्तर देणाऱ्याच्या मनात भलतीकडे जातो. संशोधन पद्धतीच्या तासाला ‘संकल्पनेची वैधता’ शिकवतात तेव्हा कंटाळा येतो ना? तिचं इतकं रोखठोक उदाहरण तुम्हाला पुस्तकात मिळणार नाही.

त्या घरातला माणूस ‘देणगी’ म्हणजे पावती फाडून दिलेली मोठी रक्कम समजतो. ‘वर्गणी’ म्हणजे गावाने गोळा केलेली. आणि या दोन्हींपेक्षा मोठी असूनही जिला तो देणं म्हणतच नाही, ती म्हणजे ‘कपात’.

सहकारी साखर कारखान्याच्या ऊसबिलातून टनामागे काही रक्कम वेगवेगळ्या निधींसाठी कापण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे, आणि त्यातला काही पैसा शिक्षणाकडे गेला. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. १९७५ मध्ये डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट म्हणून सुरू झालेली ही संशोधन संस्था सभासद कारखान्यांच्या, म्हणजे शेवटी ऊस उत्पादकांच्या, टनावारी वर्गणीवर उभी राहिली. एखाद्या संशोधन संस्थेला शेतकऱ्यांनी टनाच्या हिशोबाने पोसणं, ही गोष्ट जगाच्या फंडरेझिंगच्या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण व्हावी इतकी मोठी आहे. बारामती तालुक्यात माळेगावला कारखान्याच्या परिसरात शिवनगर विद्या प्रसारक मंडळाच्या संस्था आहेत. सोमेश्वरनगरला मुगुटराव साहेबराव काकडे महाविद्यालय आहे. कारखाना आणि कॉलेज शेजारी शेजारी असणं इथे कुणाला नवल वाटत नाही.

आता तक्त्याकडे परत बघा. ज्या शेतकऱ्याच्या उसातून तीस-तीस वर्षं कपात झाली, त्याच्या ‘देण्याची सवय’ या रकान्यात काय येईल? शून्य. कारण त्याच्या नावाने पावती नाही. आणि ज्या संचालक मंडळाच्या काळात तो निधी वापरला गेला, त्यांची नावं कोनशिलेवर. तुमची टीम कोनशिला पाहून यादी करणार, म्हणजे देणाऱ्याला शून्य आणि वाटणाऱ्याला पैकीच्या पैकी.

इथे एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. कपात ही देणगी नव्हेच. सभासदाला ती नाकारता येत नाही. वार्षिक सभेत हात वर झाले की ठराव मंजूर, मग तुमचा हात वर असो नसो. दान म्हणजे स्वेच्छेने दिलेलं, आणि हे तर कराच्या जवळ जाणारं. मान्य. पण मग सीएसआर काय आहे? २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायला सांगितलं. तीही सक्तीच. तरी कंपनीला आपण हार घालतो, फोटो काढतो, तक्त्यात ‘प्रमुख देणगीदार’ लिहितो. सक्ती असूनही कंपनी दाता ठरते आणि सक्ती होती म्हणून ऊसवाला दाता ठरत नाही, यात काही तर्क असेल तर तो मला सापडलेला नाही. माझ्या मते दोन्ही मोजा, पण वेगळ्या खात्यात. ‘सामूहिक देणं’ असा एक प्रकार करा आणि त्यापुढे लिहा : सभासद किती, काळ कोणता, निधीचं नाव काय.

हे फक्त कौतुकासाठी नाही. ज्याचं देणं नोंदलं जातं त्याला संस्थेत बोलायची जागा मिळते. नातवाच्या फीची सवलत मागायला तो शेतकरी ऑफिसात जातो तेव्हा ‘उपकार मागणारा’ म्हणून उभा राहतो की ‘संस्था उभी करणाऱ्यांपैकी एक’ म्हणून, हे त्या तुमच्या रकान्यावर ठरतं.

‘ओढ’ या दुसऱ्या रकान्याची गंमत वेगळी. परदेशी तक्त्यात ओढ म्हणजे बहुतेक वेळा माजी विद्यार्थी असणं. बारामतीतलं जुनं कॉलेज घ्या. १९६२ चं तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय, चालवणारी संस्था अनेकांत एज्युकेशन सोसायटी. ‘अनेकान्त’ हा जैन दर्शनातला शब्द. संस्थेच्या नावातच तुम्हाला पहिला दुवा मिळतो. बारामतीच्या बाजारपेठेतल्या समाजाचा आणि या कॉलेजचा संबंध समजून घ्यायला माजी विद्यार्थ्यांची यादी पुरणार नाही. तिथे पिढ्यांचा व्यापार, धर्म आणि गावाबद्दलची जबाबदारी एकत्र आलेली असते.

विद्या प्रतिष्ठानचं अभियांत्रिकी महाविद्यालय आज कमलनयन बजाज यांच्या नावाने ओळखलं जातं. कमलनयन बजाज वर्ध्याच्या जमनालाल बजाजांचे चिरंजीव, १९७२ मध्ये वारलेले. ना बारामतीचे, ना इथले विद्यार्थी. डिसेंबर २०२३ मध्ये बारामतीच्या एका कार्यक्रमात शरद पवारांनी व्यासपीठावरून सांगितलं की गौतम अदानींनी संस्थेला २५ कोटींचा धनादेश पाठवलाय. या दोन्ही नावांना ‘बारामतीबद्दलची ओढ’ या रकान्यात तुम्ही किती गुण दिले असते? इथे पैसा संस्थेच्या ओढीने आला, की संस्था उभी करणाऱ्या माणसाच्या ओळखीने, हा प्रश्न तक्ता विचारतच नाही. आणि तो विचारायला हवा, कारण ओळखीने आलेला पैसा ओळखीबरोबर जाऊ शकतो. संस्थेच्या दृष्टीने ही जोखीम आहे. डोनर रिसर्चच्या अहवालात तिचा परिच्छेद असायला हवा. तो लिहायची हिंमत टीमच्या प्रमुखाला असते का, हा पुढचा भाग.

इंदापुरात उलटं चित्र दिसतं. वालचंद हिराचंदांनी १९३० च्या दशकात कळंबजवळच्या माळावर साखर कारखाना काढला, त्याचं वालचंदनगर झालं. पण शिक्षणाच्या जगात ‘वालचंद’ म्हटलं की आधी सांगलीचं अभियांत्रिकी महाविद्यालय आठवतं. ते १९४७ मध्ये सुरू झालं आणि १९५५ पासून वालचंदांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. सोलापुरातही त्यांच्या नावाचं महाविद्यालय आहे. कारखाना एका तालुक्यात, नाव दुसऱ्या जिल्ह्यांतल्या कॉलेजांवर. जवळ राहणारा श्रीमंत जवळच्यालाच देईल हे गृहीतक इथे कोसळतं. सीएसआरमध्ये मात्र कायदाच सांगतो की कंपनीने आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावं. त्यामुळे बारामती एमआयडीसीतल्या पियाजिओसारख्या कंपनीचा अभ्यास आणि एखाद्या कुटुंबाचा अभ्यास ही दोन वेगळी कामं आहेत. कंपनीच्या बाबतीत वार्षिक अहवालातलं सीएसआरचं परिशिष्ट वाचा, तिथे प्रकल्प, जागा, रक्कम सगळं असतं. त्यात मन ओळखण्यासारखं फार काही नाही.

कोनशिला आणि स्मरणिका यांबद्दल थोडं, कारण तुम्ही सुरुवात तिथूनच करणार. वर्गाच्या दारावर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ रु. १००१’ अशी संगमरवरी पाटी असते. साठच्या दशकातले १००१ आणि आजचे १००१ एकाच रकान्यात टाकून क्रम लावू नका, हे सांगायची गरज नसावी. पण असे तक्ते होतात. दुसरं, पाटी लागण्यासाठी किमान रक्कम ठरलेली असते, त्याखालचे सगळे गायब. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेला बायकांनी मूठ मूठ धान्य दिलं; मुठीची पाटी कुठे लावणार? तिसरं, इमारत पाडली की पाटीही जाते. म्हणजे पाट्या म्हणजे ‘टिकलेल्या मोठ्या देणग्यांचा नमुना’, सगळ्या देणग्यांचा नव्हे. आणि जुन्या पत्त्यांवर जाऊ नका. उजनी धरणाखाली इंदापूर तालुक्यातली गावं गेली. जुन्या रजिस्टरात ‘पळसदेव’ लिहिलेलं घर आज त्या जागी पाण्याखाली आहे, गाव दुसरीकडे वसलंय.

पाट्यांवरचा ‘स्मरणार्थ’ हा शब्द मात्र नीट वाचा. देण्याची वेळ इथे पगारवाढीने किंवा शेअर बाजाराने ठरत नाही. आई गेली, वडिलांचं वर्षश्राद्ध आलं, कुणाची पंचाहत्तरी झाली, कुणी निवृत्त झालं, तेव्हा घरात ‘काहीतरी करू’ असं निघतं. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी धोंडो केशव कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपये देऊ केले तेही आईच्या नावाने. म्हणून ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ. ठाकरसी गिरणीमालक होते, ऐपत अख्ख्या मुंबईला ठाऊक होती, ती शोधायला टीम लागली नसती. आणि एवढी देणगी मिळाल्यावरही कर्वे सत्तरी ओलांडल्यावर १९२९ ते १९३२ या काळात युरोप, अमेरिका, आफ्रिका फिरले, संस्थेचं काम सांगत, मदत जमवत. एक मोठं नाव मिळालं की काम संपलं, असं त्यांना वाटलं नाही.

मग टीमच्या प्रमुखाने करायचं काय? नावं वाटून देणं हे प्रमुखाचं काम नाही. ‘तू अ ते क, तू ख ते प’ अशी वाटणी केली की प्रत्येक जण आपापल्या समजुतीने गुण देतो आणि शेवटी तुमच्या हातात चार वेगळे तक्ते येतात. वाटणी साधनांची करा. एक जण कंपन्यांचे अहवाल, एक जण संस्थेची जुनी पावतीपुस्तकं आणि कार्यवृत्त, एक जण माणसांशी बोलणं. एकाने शोधलेलं दुसऱ्याने तपासायचं. आणि प्रत्येक वाक्यापुढे तीनपैकी एक खूण : पाहिलं, ऐकलं, अंदाज. ‘त्यांचा पुण्यात हडपसरला फ्लॅट आहे’ हे बहुतेक वेळा ऐकलेलं असतं, पण अहवालात येईपर्यंत ते पाहिलेलं होऊन बसतं.

सर्वांत अवघड काम म्हणजे काय लिहायचं नाही हे ठरवणं. या दोन तालुक्यांत राजकारण घराघरात आहे. २०२३ मधल्या राष्ट्रवादीच्या फुटीनंतर आणि २०२४ च्या दोन निवडणुकांनंतर तर एकाच घरात दोन मतं आहेत. तुमच्या टीममधली मुलं इथलीच असतील तर कोण कुणाच्या बाजूचा हे त्यांना तोंडपाठ असतं. तो रकाना करायचाच नाही. शिक्षणसंस्था आणि राजकारण यांची माणसं आपल्याकडे अनेकदा तीच असतात; ऐपत, नाती आणि गट एकत्र लिहिलेली यादी ही देणगीदारांची यादी राहत नाही, ती मतदारांची होते. आजारपण, भाऊबंदकीचे दावे, मुलीचं मोडलेलं लग्न हेही नाही. ‘पण सर, हे सगळ्या गावाला माहीत आहे.’ असेल. गावाला माहीत असणं आणि संस्थेच्या संगणकात असणं यांत फरक आहे.

कायद्याचा आधार इथे तोकडा पडतो, हेही लक्षात घ्या. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातून, माणसाने स्वतः जाहीर केलेली किंवा कायद्यानुसार जाहीर करावी लागणारी माहिती वगळलेली आहे. म्हणजे सातबारा बघायला कायदा तुम्हाला अडवणार नाही. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०१६ मध्ये आरएसपीसीए आणि ब्रिटिश हार्ट फाउंडेशन या नामांकित संस्थांना अनुक्रमे २५ हजार आणि १८ हजार पौंडांचा दंड झाला. देणगीदारांना न सांगता त्यांच्या श्रीमंतीची छाननी करून घेतली हा त्यातला एक ठपका होता. त्यात जाहीर कागदपत्रांवरून जमवलेली माहितीही होती. हरकत होती ती न विचारण्याला. तुमच्या टीमसाठी मी एक साधी कसोटी सुचवेन : हा कागद त्या माणसाच्या हातात पडला आणि त्याने तो मोठ्याने वाचला, तर तुम्ही त्याच्या ओसरीवर बसून चहा पिऊ शकाल का?

असा अभ्यास खरोखर करायचा असेल तर पहिल्या आठवड्यात श्रीमंतांची नावं शोधू नका. दोन तालुक्यांतल्या सहकारी कारखान्यांचे जुने वार्षिक अहवाल मिळवा. वार्षिक सभेच्या आधी ते सभासदांना वाटलेले असतात, आणि कुणाच्या तरी माळ्यावर गठ्ठा सापडतो. ताळेबंदात निधींची नावं आणि रकमा छापलेल्या असतात. त्याच वर्षांची शिक्षणसंस्थांची कार्यवृत्तं शेजारी ठेवा आणि वर्षं जुळवत जा. कारखान्याच्या बाजूला पैसा बाहेर गेलेला दिसतो आणि कॉलेजच्या बाजूला कुणा एकाचं नाव आलेलं दिसतं, अशी जोडी सापडली तर तिथे थांबा आणि त्या गावच्या सभासदांशी बोला.